हिरवं पान छापलेली शेंगा चटणी

सोलापूरची शेंगा चटणी सुटी मिळते, तशी पाकिटातही मिळते. समजा, एखाद्या पाकिटावर हिरवं पान काढून ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं छापलं. विधान खोटं नाही. कोलेस्टेरॉल मुख्यतः प्राणिजन्य पदार्थांत असतं. शेंगदाण्यात ते नसल्यातच जमा. म्हणजे सुटी चटणीही तितकीच कोलेस्टेरॉलमुक्त. तरी पानवाली चटणी आपल्याला तब्येतीला जास्त चांगली वाटते, आणि मग मीठ किती, तेल किती, हे विचारायचं राहून जातं.

एका चांगल्या गुणावरून बाकीचेही गुण चांगलेच असणार, असं मन परस्पर ठरवून टाकतं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली याला ‘हेलो इफेक्ट’ (हेलो म्हणजे तेजोवलय) म्हटलं. त्याने तो माणसांबद्दलच्या मतांत पाहिला होता. खाण्याच्या बाबतीत त्यासाठी नुसता रंगही पुरतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे जोनाथन शुल्ट यांनी लोकांना चॉकलेट बारचं चित्र दाखवलं. कॅलरींचा आकडा तोच, फक्त लेबल कुणाला लाल, कुणाला हिरवं. हिरवं लेबल पाहिलेल्यांना तो बार जास्त आरोग्यदायी वाटला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पौष्टिक खाण्याला महत्त्व देणारी माणसंच हिरव्या रंगाला अधिक भुलताना दिसली. मला हे फार काळजीचं वाटतं.

आपल्याकडचा हिरवा ठिपका तर फक्त ‘शाकाहारी’ एवढंच सांगतो. वेफर्सवरही तो असतोच.

खरी माहिती पाकिटाच्या पाठीवर असते. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल, तर सगळ्यात जास्त आहे तो मैदाच. ‘शुगर फ्री’ बिस्किटातही मैदा आणि तूप-तेल असू शकतंच. ‘हाय फायबर’ लिहायला १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम तंतू लागतात. ज्वारीत ते सुमारे १० ग्रॅम असतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीची घरची भाकरी मात्र कसल्याही दाव्याशिवाय ताटात येते.

चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले, जाहिरातींवरही बंधनं आणली. त्यानंतरच्या पाहणीत गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटलेली आढळली. आपल्याकडेही इशारा असा समोरच हवा. पाठीवरची ती मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं किराणा दुकानात उभ्या असलेल्या आजीने कशी वाचायची?