बॅलरॅटची वारसा-फेरी

बॅलरॅटची वारसा-फेरी : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील बॅलरॅट हे सोन्याच्या शोधामुळे वसलेले शहर पायी फिरून पाहण्याची प्रथा. शहर मेलबर्नच्या पश्चिम-वायव्येस सुमारे ११० किमी. अंतरावर, यारोवी नदीकाठी आहे. लोकसंख्या एक लाखाहून अधिक. हा मुलूख मूळचा वाडावुरुंग लोकांचा. १८३७-३८ च्या सुमारास यूल घराण्यातील स्कॉटिश मेंढपाळांनी येथील कुरणे बळकावली आणि पुढे तेरा-चौदा वर्षांतच सोने सापडले.

फेरीचा एकच ठरीव मार्ग नाही. छापील नकाशा हाती घेऊन स्वतःच हिंडणारे पुष्कळ असतात. काहीजण मार्गदर्शकाबरोबर जातात, तर काही मे महिन्यातील वारसा-महोत्सवाचा मुहूर्त साधतात. बहुतेक फेऱ्या लिडियर्ड स्ट्रीटवरील दगडी इमारतींपाशी सुरू होऊन तेथेच संपतात. ‘युरेका ट्रेल’ ही १८५४ मधील खाणकामगारांच्या बंडाच्या जागेकडे जाणारी सुमारे साडेतीन किमी.ची वाट मात्र तेथून पूर्वेकडे उतरते. शहराचा इतिहास ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने पाहायचा, तर पूर्वेकडून पश्चिमेकडे चालणे अधिक सयुक्तिक ठरते. आधी जमीन, मग इमारती. प्रस्तुत नोंदीत तोच क्रम ठेवला आहे.

सोन्याच्या शोधाचा वाद : न्यू साउथ वेल्समध्ये १८५१ च्या आरंभी सोने सापडल्यावर तिकडे माणसांची रीघ लागली. मेलबर्न ओस पडेल या धास्तीने तेथील प्रतिष्ठितांनी जून १८५१ मध्ये समिती नेमली आणि शहरापासून २०० मैलांच्या आत सोने शोधणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. जुलैमध्ये क्लून्स येथे जेम्स एसमंड यांना व वॉरनडाइटजवळ लुई मिशेल यांच्या टोळीला यश आले. बॅलरॅटच्या दक्षिणेस बनिन्याँग येथे टॉमस हिस्कॉक यांना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोने मिळाले. ही तारीख कोठे २, तर कोठे ८ ऑगस्ट अशी आढळते.

खुद्द बॅलरॅटमधील पहिल्या शोधाचा मान सामान्यतः जॉन डनलॉप व जेम्स रीगन या जोडीला दिला जातो. जागा पॉव्हर्टी पॉइंट; दिनांक १८ किंवा २१ ऑगस्ट १८५१. गीलाँगहून आलेल्या कॉनर यांच्या टोळीने त्याच सुमारास शेजारच्या गोल्डन पॉइंटवर खोदाई सुरू केली होती आणि अग्रमान आपला असल्याचे तिच्या बाजूने मांडले गेले. हे दावे बऱ्याच अंशी वृद्धांच्या आठवणींवर उभे आहेत. शहराचा पहिला विस्तृत इतिहास लिहिणाऱ्या विल्यम विदर्स यांनी १८७० मध्ये ते संकलित केले, तेव्हा मूळ घटनेला जवळजवळ वीस वर्षे लोटली होती. दोन्ही टोळ्या काही दिवसांच्या अंतराने, एकाच ओढ्याच्या खोऱ्यात, परस्परांची फारशी खबर नसताना काम करीत होत्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पॉव्हर्टी पॉइंटवरील स्मारक डनलॉप-रीगन पक्ष धरून आहे. तेथे फेरी थांबते तेव्हा हा दुसरा पक्षही सांगितला जावा.

खोल खोदाई : गोल्डन पॉइंटवरचे सोने वरच्या गाळात होते. परात, फावडे आणि वाहते पाणी एवढ्यावर भागत असे. हा उथळ साठा लवकर सरला. पुढे ध्यानात आले, की प्राचीन नद्यांची सोनेरी वाळूने भरलेली पात्रे खोल गाडली गेली आहेत आणि पश्चिमेकडे ती ज्वालामुखीच्या लाव्ह्याखाली शिरतात. या गाडलेल्या पात्रांना खाणकामगार ‘डीप लीड’ म्हणत. १८५४ पर्यंत बॅलरॅटच्या खाणींच्या विहिरी शंभर फुटांपलीकडे उतरल्या होत्या. ओल्या, ढासळत्या मातीतून खाली जायचे म्हणजे हातभर खणायचे, चारी बाजूंना फळ्यांचे अस्तर ठोकायचे, फटी चिकणमातीने बुजवायच्या, रात्रंदिवस पाणी उपसायचे आणि मग पुढचा हात खणायचा. एका विहिरीमागे आठ-दहा जणांची भागीदारी असे. तळ लागायला महिनोन्‌महिने जात आणि तळाशी पात्र सापडेलच याची शाश्वती नसे.

सोने खणण्याच्या सरकारी परवान्याचा दर मात्र माणशी महिना ३० शिलिंग (दीड पौंड) असा १ सप्टेंबर १८५१ पासून लागू झाला होता. १८५४ पर्यंत तो उतरून महिन्याला एक पौंड झाला, तरी तत्त्व तेच राहिले : सोने मिळो न मिळो, पैसे भरा. उथळ खोदाई करणाऱ्याला ही रक्कम जाचत असे. सहा महिने अंधारात उतरणाऱ्याला ती मोडून टाकत असे. विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाला परवाना दाखवण्यासाठी वर बोलावले जाई आणि तो जवळ नसला, तर दंड होई. बॅलरॅटचा असंतोष अन्य क्षेत्रांहून तीव्र का झाला, याचे उत्तर या भूगर्भात बऱ्याच प्रमाणात आहे. फेरीत ते सांगितले नाही, तर पुढचे युरेकाचे बंड नुसते आवेशाचे भासते.

मेअर व हंफ्री या रस्त्यांच्या कोपऱ्याजवळ बेकरी हिलवर ९ जून १८५८ रोजी ‘वेलकम नगेट’ हा सुमारे ६९ किग्रॅ.चा सुवर्णगोळा सापडला. खोली सुमारे ५५ मी. होती आणि खाण कॉर्नवॉलहून आलेल्या भागीदारांची होती. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तो वितळवून त्याची नाणी पाडण्यात आली.

युरेकाची जागा : ऑक्टोबर १८५४ मध्ये बेंटली यांच्या युरेका हॉटेलजवळ जेम्स स्कोबी या खाणकामगाराचा खून झाला. आरोपी हॉटेलमालक सुटताच जमावाने १७ ऑक्टोबरला हॉटेल जाळले. ११ नोव्हेंबरला बेकरी हिलवरील सभेत बॅलरॅट रिफॉर्म लीग या खाणकामगारांच्या संघटनेने मताधिकाराची आणि परवाना रद्द करण्याची मागणी केली. गव्हर्नर हॉथम यांनी दाद दिली नाही. २९ नोव्हेंबरला परवान्यांची होळी झाली. दुसऱ्या दिवशी पीटर लेलर यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण क्रूस या तारकासमूहाचे चिन्ह असलेल्या निळ्या ध्वजाखाली शपथ घेण्यात आली. रविवार, ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्य व पोलीस यांनी खाणकामगारांनी उभारलेल्या तटबंदीवर चाल केली. झुंज फार तर पाव तास चालली. लेलर यांच्या यादीनुसार बावीस खाणकामगार मारले गेले. प्रत्यक्ष आकडा त्याहून मोठा असावा. लेलर यांना डावा हात गमवावा लागला. राजद्रोहाचे तेराही आरोपी १८५५ मध्ये निर्दोष सुटले आणि त्याच वर्षी मासिक परवान्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा ‘माइनर्स राइट’ आला. त्याला मताधिकारही जोडलेला होता.

तटबंदी नेमकी कोठे होती, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. खाणीतील फळ्या, गाड्या, ओंडके असे मिळेल ते रचून केलेला तो आडोसा होता. बांधकाम मोडल्यावर लाकूड हातोहात उचलले गेले आणि पुढच्या काही वर्षांत ती जमीन खोदाईत उलटीपालटी झाली. लेलर यांनी क्षेत्रफळ सुमारे एक एकर सांगितले. आकार कोणी अर्धचंद्रासारखा, कोणी चौकोनी सांगतो. राजद्रोह खटल्यांत सादर झालेला नकाशा आणि सरकारी छावणीतील कारकून ह्यूग यांचे रेखाटन हे दोन समकालीन आधार आहेत, पण ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. १८८४ मध्ये स्मारकस्तंभासाठी जागा निवडताना हयात साक्षीदारांना विचारण्यात आले. तीस वर्षांनंतर, ओळखीची एकही खूण न उरलेल्या जागेवर दिलेल्या त्या साक्षी होत्या. नंतरच्या अभ्यासकांनी तटबंदी कधी पूर्वेला, तर कधी उत्तरेला सरकवली. जॅक हार्वी यांनी १९९४ मध्ये नकाशे व मोजणीच्या नोंदी एकत्र पडताळून स्तंभ मूळ तटबंदीच्या आतच येतो, असा निष्कर्ष काढला. आजवरच्या मांडण्यांत तो सर्वांत पद्धतशीर आहे. सीमारेषा मात्र त्यानेही पक्की होत नाही. म्हणून गवतावर एखादी रेघ दाखवून ‘ही भिंत’ म्हणणे टाळावे.

ध्वज वाचला तो जॉन किंग या शिपायामुळे. त्याने तो उतरवून स्वतःजवळ ठेवला. किंग कुटुंबाने १८९५ मध्ये तो शहराच्या कलादालनास उसना दिला. आठवण म्हणून कापून नेलेल्या तुकड्यांमुळे त्याची एक बाजू विरळ झालेली दिसते. सध्या तो स्मारकाशेजारील युरेका सेंटरमध्ये मंद उजेडात ठेवला आहे.

पश्चिमेकडील शहर : सर्वेक्षक अर्कहार्ट यांनी १८५१-५२ मध्ये सरकारी छावणीच्या पठारावर काटकोनी रस्ते आखले. स्टर्ट स्ट्रीटची रुंदी तीन साखळ्या, म्हणजे सुमारे ६० मी. ठेवली. लिडियर्ड, डाना, डव्हटन, आर्मस्ट्राँग ही रस्त्यांची नावे पोलीस अधिकाऱ्यांची व सुवर्ण आयुक्तांची आहेत. ज्यांच्या हाती परवान्यांची वसुली होती, त्यांची नावे शहराच्या दर्शनी भागात कायम राहिली. पूर्वेकडील मेन रोड मात्र खोदाईच्या वाटेवाटेने वळत गेला. दोन्ही भागांच्या नगरपालिका १९२१ पर्यंत वेगळ्या होत्या. सीमेवरची यारोवी आज बराचसा भाग दगडी नाल्यातून, रस्त्यांच्या पोटातून वाहते. चालणाऱ्याला ती ओलांडल्याचे कळतही नाही.

इमारतींच्या जोत्यांत दिसणारा काळसर ‘ब्लूस्टोन’ हा बेसाल्ट आहे, दख्खनच्या पठारावरील काळ्या पाषाणाच्याच जातीचा. खाणकामगारांना ज्याच्या थराखाली उतरावे लागले, तोच लाव्हा येथे भिंतींना आला. क्रेग्ज हॉटेलची सुरुवात टॉमस बाथ यांच्या १८५३ मधील परवानाधारक हॉटेलाने झाली. हर मॅजेस्टीज थिएटर १८७५ मध्ये ‘अकॅडमी ऑफ म्यूझिक’ म्हणून उघडले. कलादालन १८८४ मध्ये स्थापन झाले. त्याची इमारत १८९० ची. खाणींच्या समभागांचे व्यवहार होणारे माइनिंग एक्सचेंज १८८० च्या दशकाच्या अखेरचे. खनिकर्म विद्यालय १८७० मध्ये जुन्या न्यायालयात भरू लागले. रेल्वे स्थानक १८६२ चे असून मनोरा नंतर चढवला आहे. स्टर्ट स्ट्रीटच्या मधल्या बागेत बर्न्स व मूर हे कवी आणि व्हिक्टोरिया राणी यांच्यासोबत लेलर यांचाही पुतळा आहे. टायटॅनिकवरील वादकांचा स्मृतिमंडप १९१५ चा.

विसाव्या शतकाच्या मध्यास पदपथांवरील लाकडी खांबांचे, बिडाच्या जाळीचे व्हरांडे पालिकेच्या धोरणामुळे मोठ्या प्रमाणात उतरवले गेले. काही दर्शनी भिंतींवर खिडक्यांच्या वर छपराची तिरपी खूण अजून दिसते. १९७८ मध्ये शहराचे संवर्धन-अध्ययन झाले. १८५० च्या दशकातील वस्तीचा आभास देणारे सॉव्हरिन हिल हे खुले संग्रहालय नोव्हेंबर १९७० पासून आहे. ते पुनर्रचित असल्याने फेरीत सहसा धरत नाहीत. युनेस्कोच्या ऐतिहासिक नगरभूदृश्य उपक्रमात बॅलरॅट २०१३ मध्ये सामील झाले. ‘व्हिक्टोरियन गोल्डफील्ड्स’चा जागतिक वारसा संभाव्य यादीत समावेश २०२५ मध्ये झाला.

चिनी खाणकामगार : १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो जण दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून शेकडो किलोमीटर पायी आले. गोल्डन पॉइंट परिसरात त्यांची वस्ती होती. तिच्या लाकडी घरांपैकी रस्त्यावर काही उरलेले नाही. जुन्या दफनभूमीतील कबरी आणि स्मारक हीच मुख्य खूण. मध्यवर्ती फेरीच्या मार्गापासून ही दफनभूमी उत्तरेला पडते आणि तिला वेगळा वेळ द्यावा लागतो.