चित्रफितींच्या सांध्यांवरील ध्वनिदोष

डिजिटल व्हिडिओ क्लिप एकापुढे एक जोडल्यावर सांध्याशी ऐकू येणारी ‘टक्’, क्षणभराची शांतता, आवाजाच्या पातळीतली उडी किंवा ओठ आणि शब्द यांची फारकत, या सर्वांना मिळून सांध्यांवरील ध्वनिदोष म्हणता येईल. चित्रातला कट डोळा सहज स्वीकारतो. कानाला मात्र सलग आवाजातली काही मिलिसेकंदांची खोटही टोचते. हे दोष कानाला सारखेच वाटले तरी त्यांचे उगम वेगवेगळे असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

सर्वांत साधा दोष म्हणजे ‘टक्’. व्हिडिओतला आवाज सहसा सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या, म्हणजे लहरीच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मापांच्या रूपात (४८ किलोहर्ट्झ) साठवलेला असतो. हार्मोनियमचा लांबवलेला सूर मध्येच कापून त्याला दुसरा तुकडा लावला, तर एका सॅम्पलवर वर गेलेली लहर पुढच्याच सॅम्पलवर एकदम खाली आपटते आणि स्पीकरमधून टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. लहर शून्यरेषा ओलांडते तिथे कापणे हा एक उपाय. पण सांध्यावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देणे, म्हणजे पहिला आवाज विरत असतानाच दुसरा चढवत नेणे, अधिक भरवशाचे. युक्ती जुनीच आहे. पाव इंच रुंदीची चुंबकीय टेप ४५ अंशांत तिरकी कापत, त्यामुळे सेकंदाला १५ इंच वेगाने धावणाऱ्या टेपवर सुमारे १७ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड आपोआप मिळे. प्रकाशीय ध्वनिपट्टी असलेल्या फिल्मच्या सांध्यावर याच हेतूने काळा त्रिकोणी तुकडा चिकटवत.

दुसरा उगम कॉम्प्रेस केलेल्या आवाजाच्या रचनेत आहे, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. चित्राप्रमाणे आवाजाच्याही फ्रेम असतात, पण दोघांची मापे जुळत नाहीत. एएसी या आवाज कॉम्प्रेस करण्याच्या पद्धतीची एक फ्रेम १,०२४ सॅम्पलची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २१.३३ मिलिसेकंदांची असते, तर सेकंदाला २५ चित्रे असलेल्या व्हिडिओची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. चित्राच्या ८ आणि आवाजाच्या १५ फ्रेम झाल्या, की ३२० मिलिसेकंदांनी दोन्हींच्या कडा एकदा एकत्र येतात. साहजिकच क्लिपमधले चित्र आणि आवाज क्वचितच एका क्षणी संपतात. शिवाय एएसी एन्कोडर, म्हणजे आवाज कॉम्प्रेस करणारे साधन, आरंभी काही सॅम्पल भरीला घालतो. २,११२ सॅम्पलची भर असेल, तर ती ४४ मिलिसेकंदांची होते. ती वगळण्याची सूचना एमपी-४ फाइलमध्ये लिहिलेली असते, पण जोडणाऱ्या प्रणालीने ती वाचली नाही, तर प्रत्येक सांध्यावर पोकळी राहते. एका सांध्याला १० मिलिसेकंद उरले, तरी पन्नास क्लिपअखेर आवाज अर्धा सेकंद सरकलेला असतो. म्हणून एफएफएमपेगसारख्या व्हिडिओ-रूपांतर साधनाने क्लिप नुसत्या एकापुढे एक न चिकटवता आवाज आधी डीकोड करावा (उलगडावा), कॉम्प्रेस न केलेल्या रूपात जोडावा आणि शेवटी एकदाच एन्कोड करावा.

याला महत्त्वाचा अपवाद लांब चित्रीकरणाचा. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीचे कॅमेरे दोन तासांचे कीर्तन सलग टिपतात, पण कार्डावर ते अनेक फाइलींत तोडून ठेवतात, कारण कार्डावर फाइली साठवण्याच्या एफएटी-३२ रचनेत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. या फाइली स्वतंत्र क्लिप म्हणून संपादन सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) ओढल्या, की सांध्यावर आवाज तुटतो आणि टाळाचा घुमारा मध्येच विरतो. इथे क्रॉसफेड देणे ही चूक ठरते, कारण हरवलेले काहीच नसते. आवाजाची फ्रेम दोन फाइलींत विभागलेली असते, इतकेच. कार्डावरील फोल्डरची रचना जशीच्या तशी उतरवून घेतल्यास बरीच संपादन सॉफ्टवेअर सर्व फाइली एकच क्लिप म्हणून ओळखतात.

कालमापनाचे दोष सांध्यापाशी सुरू होऊन पुढे वाढत जातात. ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज ४८ समजून वाजवला, तर तासाभराचे भाषण ५५ मिनिटे ७.५ सेकंदांत आटोपते आणि काळी एकचा सूर पांढरी दोन ओलांडून ती आणि काळी दोन यांच्या साधारण मध्यावर जातो. मोबाइलवरील चित्रीकरणात फ्रेमचा वेग बदलता असू शकतो. तो संपादनापूर्वीच स्थिर करून घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला, की फरक जाणवू लागतो.

पार्श्वभूमीतल्या पंख्याची घरघर सांध्यावर बदलते, तेव्हा त्याच खोलीतला रिकामा आवाज दोन्ही तुकड्यांखाली पसरतात. आवाजाचा कट चित्राच्या कटापासून काही फ्रेम सरकवून तबल्याच्या थापेच्या किंचित आधी नेला, तर उरलेली खोटही त्या थापेखाली झाकली जाते.