व्हायरस काढणे आणि विंडोज नव्याने टाकणे : मशीन दुकानात आणण्यापूर्वी वाचा

“फॉरमॅट मारून द्या, फक्त डी ड्राइव्हला हात लावू नका.” आमच्या काउंटरवर हे वाक्य रोजचे आहे. विंडोज सी मध्ये, डेटा डी मध्ये, म्हणजे सी पुसला की काम झाले, असा त्यामागचा हिशेब. बऱ्याचदा तो बरोबरही निघतो. पण व्हायरस चिवट जातीचा असेल तर तेच मशीन थोड्याच दिवसांत पुन्हा आमच्या टेबलावर येते आणि बोल विंडोजला लागतात. म्हणून हे पत्रक.

आधी तो व्हायरस आहे का?

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले” अशा लाल पाट्या सारख्या येत असतील तर घाबरू नका. बहुतेक वेळा कुठल्या तरी साइटवर “अलाउ” दाबले गेलेले असते, आणि ती साइट क्रोममार्फत नोटिफिकेशन पाठवत राहते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी साइट काढून टाका. जमत नसेल तर लॅपटॉप घेऊन या. या कामाचे आम्ही पैसे घेत नाही. मात्र त्या पाटीवरच्या नंबरला फोन करू नका आणि समोरच्याने सांगितले म्हणून एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून तुमचे मशीन चालवू देणारे ॲप) तर अजिबात टाकू नका.

मशीन नुसते मंद असेल तर आम्ही आधी हार्ड डिस्क तपासतो. खराब होत चाललेल्या डिस्कवर विंडोज कितीही वेळा टाकले तरी ते रडतच चालणार.

चिवट व्हायरस परत का येतो

चिवट व्हायरसांत सॅलिटी आणि रॅम्निट ही दोन नावे जुनी आहेत. सॅलिटी तर 2003 पासून फिरतो आहे. हे व्हायरस स्वतःची वेगळी फाइल ठेवून गप्प बसत नाहीत, तुमच्याच ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या, फाइलींमध्ये शिरतात. डी ड्राइव्हवर वर्षानुवर्षे जपलेले प्रिंटरचे सेटअप, गेम, “सॉफ्टवेअर” नावाचा फोल्डर, सगळ्यात. रॅम्निट एचटीएमएल, म्हणजे वेबपेजच्या, फाइलींनाही सोडत नाही. आता सी पुसून नवे विंडोज टाकले आणि संध्याकाळी घरी जाऊन डी मधला प्रिंटरचा सेटअप चालवला, की पाहुणे परत घरात. सॅलिटी टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारी खिडकी) बंद करतो, सेफ मोड (दुरुस्तीसाठी मोजक्या गोष्टींवर विंडोज सुरू करण्याची सोय) मोडून ठेवतो आणि अँटिव्हायरसच्या साइट उघडू देत नाही. ही तीन लक्षणे एकत्र दिसली की आम्ही साफसफाईच्या नादी लागत नाही.

पेन ड्राइव्हचा शॉर्टकट व्हायरस त्या मानाने गरीब. ड्राइव्ह भरलेला दिसतो, पण आत नुसते शॉर्टकट असतात. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केले की फोल्डरही उघडतो आणि मागे व्हायरसही चालू होतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. असा ड्राइव्ह फॉरमॅट न करता आणा. फाइली बहुधा सगळ्या मिळतात.

साफ करायचे की फॉरमॅट?

पहिली तपासणी आम्ही विंडोज सुरू न करता करतो. मशीन आमच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करतो किंवा डिस्क काढून आमच्या मशीनला जोडतो. कारण चालू व्हायरस स्वतःला लपवू शकतो, झोपलेला लपवू शकत नाही. त्यानंतर स्टार्टअप, टास्क शेड्युलर, होस्ट्स फाइल आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे व्हायरस लपून बसायच्या नेहमीच्या जागा, हाताने पाहतो. जाहिराती दाखवणारा किरकोळ प्रकार असेल तर तेवढ्यावर भागते. फाइलींत शिरणारा किंवा पासवर्ड चोरणारा असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : सगळी डिस्क पुसा. डी सुद्धा. डीवरची कागदपत्रे, फोटो, हिशेब आम्ही आधी काढून, तपासून परत देतो. सेटअप, गेम आणि क्रॅक (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायच्या चोरट्या फाइली) परत देत नाही. सेटअप कंपनीच्या साइटवर ताजे मिळतात.

काय वाचवायचे ते आम्हाला सांगा

डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सी ड्राइव्हमध्येच असते. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्सही बहुधा तिथेच. “सी मध्ये माझे काही नाही” म्हणणाऱ्यांचा मुलीच्या लग्नाचा फोटो फोल्डर डेस्कटॉपवर निघतो. टॅलीचा डेटा 10000, 10001 अशा आकड्यांच्या फोल्डरांत असतो. कचरा समजून तो पुसू नका, आणि टॅली उघडत असेल तर फॉरमॅटपूर्वी लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. डीटीपीवाल्यांनी फॉन्टची यादी द्यावी. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसला की नुसती अक्षरांची खिचडी दिसतो. सेवा केंद्रवाल्यांनी डिजिटल सहीचा टोकन सोबत आणावा, म्हणजे ड्रायव्हर टाकून लगेच तपासता येतो.

नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागणारे विंडोजचे कुलूप, आपोआप चालू असू शकतो. तसे असेल तर 48 आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती मिळेपर्यंत आम्ही त्या डिस्कला हात लावत नाही, कारण कीशिवाय डेटा आम्हालाही काढता येत नाही.

फाइलींची नावेच बदलली असतील तर

फोटो, एक्सेल, सगळ्यांच्या शेवटी विचित्र शब्द जोडला गेला आणि फाइल उघडत नाही, तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. इथे फॉरमॅटची घाई करू नका. मशीन बंद करा, नेट काढा, तसेच घेऊन या. फुकट क्रॅकमधून पसरणारा डीजेव्हीयू हा त्यातला नेहमीचा. तो बरीच वर्षे 980 डॉलर मागायचा, 72 तासांत दिले तर 490. तो प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे 150 केबी भाग बिघडवतो, त्यामुळे मोठे व्हिडिओ कधी कधी दुरुस्त होतात, फोटो मात्र क्वचितच. काही प्रकारांच्या चाव्या “नो मोअर रॅन्सम” या युरोपोलच्या (युरोपीय पोलिस संस्थेच्या) सहभागाने चालणाऱ्या साइटवर फुकट मिळतात. आज चावी नसेल तर डिस्क जपून ठेवा, पुढे येऊ शकते. पैसे भरू नका. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर करा.

विंडोज कोणते?

क्रॅक केलेले विंडोज आम्ही टाकत नाही. ते अस्सल भासवणारा ॲक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा असे तो स्वतःच सांगतो, यातच सगळे आले. ज्या लॅपटॉपसोबत विंडोज 8 किंवा नंतरचे अस्सल विंडोज आले होते, त्याची की सहसा मशीनच्या चिपमध्येच असते, तीच आवृत्ती टाकायला वेगळा खर्च नाही. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मशीन त्यात बसते का, ते पाहून सांगतो.

मशीन आमच्याकडे असतानाच, मोबाइलवरून, जीमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि “सर्व उपकरणांवरून लॉग आउट” करा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरीला गेले असतील तर फॉरमॅटने ते परत येत नाहीत.

मशीन घेताना टॅली, प्रिंटर आणि दोन-चार जुन्या फाइली दुकानातच उघडून पाहा. तुमच्या डेटाची प्रत आम्ही सात दिवस ठेवतो, नंतर पुसतो. काही राहिले असेल तर त्याआधी कळवा.