मुलं बरोबर नसताना फॅमिली क्रूझवर जावं का? बुकिंगच्या आधी एवढं वाचा

क्रूझच्या ब्रोशरमधे जिकडेतिकडे घसरगुंड्या, कार्टून आणि आई-बाबा-दोन मुलं असेच फोटो असतात, त्यामुळे ज्यांच्याबरोबर मुलं नाहीत अशी मंडळी ते पान उलटून पुढे जातात. आम्ही पुण्यात क्रूझचं बुकिंग करून देतो, आणि आम्हाला हे पटत नाही. मूल नसलेलं जोडपं असो, मुलं परदेशी असलेले रिटायर्ड आई-बाबा असोत, लग्न न केलेले भाऊ-बहीण, दोघी-तिघी मैत्रिणी किंवा एकटं फिरायला आवडणारं कोणी असो, फॅमिली जहाज तुमच्यासाठी बंद नाहीये. पण ते सगळ्यांनाच आवडेल असंही नाही, आणि चुकीच्या तारखेला गेलात तर एवढे पैसे भरून वैतागच पदरात पडेल. म्हणून हे जरा सविस्तर लिहिलंय.

मुलं जहाजावर असतात कुठे?

लोकांना वाटतं जहाज म्हणजे बंद जागा, तिथून उठून जायची सोय नाही, दिवसभर पोरांचा कालवा. खरं सांगायचं तर मोठी फॅमिली जहाजं बांधतानाच मुलांची आणि मोठ्यांची जागा वेगळी काढलेली असते. साधारण ३ ते १२ वयाच्या मुलांसाठी क्लब असतो, टीनएजर्सचा वेगळा असतो, आणि ते रात्री उशिरापर्यंत चालू असतात कारण आई-बाबांनाही निवांत जेवायचं असतंच ना. म्हणजे होतं असं की जिथे मुलांसाठी भरपूर सोय आहे तिथे मुलं त्यात गुंतलेली असतात, आणि जिथे ती सोय नावापुरती आहे तिथे कंटाळून कॉरिडॉरमधे पळापळी सुरू होते. तेव्हा मुलांचा क्लब मोठा आहे म्हणून घाबरू नका, उलट तो किती मोठा आहे आणि किती वाजेपर्यंत चालतो हेच आधी विचारा.

डिस्नेच्या मॅजिक, वंडर, ड्रीम आणि फँटसी या जहाजांवर पालो नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही (वेगळे पैसे पडतात आणि आधी बुक करावं लागतं). क्वाएट कोव्ह हा तिथला पूलही १८ च्या वरच्यांसाठीच, आणि बहामामधे कंपनीचं कास्टअवे के नावाचं बेट आहे तिथे सेरेनिटी बे हा किनारा फक्त मोठ्यांसाठी राखलेला आहे. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या मोठ्या जहाजांवर सोलॅरियम म्हणून काचेखालचा शांत भाग असतो, तो १६ च्या वरच्यांना. अजून एक, डिस्नेच्या जहाजांवर कसिनो नसतो. ज्यांना ते वातावरण नकोच असतं त्यांना हे आवडतं, ज्यांना संध्याकाळी कसिनोत बसायचंय त्यांनी दुसरं जहाज बघावं.

पण प्रत्येक जहाज वेगळं हो. एका कंपनीच्या एका जहाजावर मोठ्यांचा वेगळा पूल आहे म्हणून तिच्याच दुसऱ्या जहाजावर असेल असं धरू नका, आम्हीही धरत नाही, त्या जहाजाचा डेक प्लॅन (मजल्यांचा नकाशा) उघडून तुमच्यासमोर बघतो.

आणि मुलांची मजा मोठ्यांना वर्ज्य आहे असं कुठे लिहिलंय? रॉयल कॅरिबियनच्या ओव्हेशन ऑफ द सीज या जहाजावर लाटांवर सर्फिंग करायची सोय आहे, हवेत तरंगायचा अनुभव देणारी मोठी ट्यूब आहे, समुद्रावर उंच नेणारी काचेची कॅप्सूल आहे. वॉटर स्लाइडला सहसा कमीत कमी उंचीची आणि जास्तीत जास्त वजनाची अट असते, वय जास्त म्हणून कोणी अडवत नाही. पन्नाशीच्या माणसाला मिकीबरोबर फोटो काढावासा वाटला तर खुशाल काढावा, त्या रांगेत मोठी माणसं भरपूर असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख

जहाज कुठलं यापेक्षा कधी जाताय याने जास्त फरक पडतो, हे आम्ही अगदी ठासून सांगतो. एकाच जहाजावर मे महिन्यात आणि फेब्रुवारीत दोन वेगळी जगं असतात.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या सफरींना दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, आणि एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत मुलं खूप असणार. फेब्रुवारी-मार्चमधे दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा, बाकीच्यांच्या वार्षिक परीक्षा, त्यामुळे घरं जागेवर बसलेली असतात, तुमच्यासारख्यांना हे दिवस एकदम छान. फक्त जोडून सुट्ट्या आलेला आठवडा टाळा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या सफरींचा विचार आपण ऑक्टोबर ते मे एवढाच करायचा.

आता एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारांची सफर घेतली की मुलं कमी होतात हे खरं, पण त्याच दिवसांत कंपन्यांचे ग्रुप आणि कधीकधी अख्खं लग्न जहाजावर असतं, आणि मग डीजे आणि बार रात्री जोरात चालतो. म्हणजे लहान मुलांचा आवाज गेला आणि मोठ्यांचा आला. तुम्हाला नक्की कुठला आवाज नकोय हे आम्हाला सांगा, म्हणजे ग्रुप बुकिंग आहे का ते आम्ही आधी विचारून घेऊ, दरवेळी उत्तर मिळतंच असं नाही पण विचारतो नक्की.

सिंगापूरहून सुटणारी जहाजं बघताना फक्त पुण्याच्या शाळांचं कॅलेंडर बघून उपयोग नाही, तिथल्या शाळांच्या सुट्ट्या बघायच्या. सिंगापूरला मार्चच्या मध्याला एक आठवडा, जूनभर, सप्टेंबरमधे एक आठवडा आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून वर्षाअखेरपर्यंत सुट्टी असते. त्यात चिनी नववर्षाचे दिवस मिळवा. जानेवारीचा मधला काळ, सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, ऑक्टोबरमधे दिवाळीच्या आधीचे दिवस, हे चांगले. पितृपक्षात आपल्याकडची बरीच घरं बुकिंग करत नाहीत, तुमचं तसं काही नसेल तर तो काळ जरूर बघा.

डिस्नेचं ॲडव्हेंचर हे जहाज २०२६ पासून सिंगापूरहून ३ आणि ४ रात्रींच्या सफरींसाठी आहे आणि मधे कुठल्या बंदरात थांबणं नाही, सगळे दिवस समुद्रावर. हे समजून घ्या कारण बाकी क्रूझवर आम्ही लोकांना एक युक्ती सांगतो, की जहाज बंदराला लागलं आणि ते गाव तुम्ही पाहिलेलं असेल तर खाली उतरूच नका, सगळी कुटुंबं शहर बघायला जातात आणि अख्खा पूल तुमचा. इथे ते जमणार नाही, सगळे कायम जहाजावरच. त्यामुळे या जहाजासाठी तारीख दुप्पट जपून निवडायची.

जेवण आणि केबिन

डिस्नेवर आणि इतर बऱ्याच जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात, एक संध्याकाळी पावणेसहा-सहाच्या सुमाराची आणि दुसरी सव्वाआठच्या आसपास. लहान मुलं असलेली परदेशी कुटुंबं पहिली पाळी घेतात, म्हणून तुम्ही दुसरी घ्या, नाहीतरी संध्याकाळी सहाला जेवायची आपल्याला सवय कुठे आहे. डिस्नेच्या दुसऱ्या पाळीत तर मुलांचं जेवण आधी उरकून क्लबची माणसं त्यांना घेऊन जातात, आई-बाबा मागे थांबून सावकाश जेवतात. मात्र आपल्याकडच्या सफरींवर हा नियम तेवढा चालत नाही, आपली कुटुंबं मुलांसकट नऊला जेवतात, तिथे उलट लवकर गेलात तर शांतता मिळेल. पूलचं म्हणाल तर सकाळी नाश्त्याच्या आधी तो जवळजवळ रिकामा असतो, अकरा ते पाच तिकडे फिरकू नका.

केबिनबद्दल आमचा आग्रह असतो की सगळ्यात स्वस्त मिळेल ती, जहाजवाले देतील ती, असं करू नका. दोन केबिनना जोडणारं मधलं दार असतं अशा केबिन मोठी कुटुंबं घेतात आणि त्या दारातून पलीकडचं सगळं ऐकू येतं. डेक प्लॅनवर त्याची खूण असते, ती केबिन टाळायची. पूलच्या बरोबर खालची नको (पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो), मुलांच्या क्लबजवळची नको, लिफ्टसमोरची नको. वरखाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला आणि त्यातही जहाजाच्या मधोमध, म्हणजे आवाजही कमी आणि हलणंही कमी. बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा. भाऊ-बहीण किंवा मैत्रिणी असाल तर बेड वेगळे करून मिळतात, बुकिंगलाच सांगायचं.

पैशांचं गणित

दर माणशी लिहिलेला असतो पण तो एका केबिनमधे दोघं धरून. तिसरा-चौथा माणूस स्वस्तात किंवा फुकट अशा ऑफर असतात त्या मुलांसाठी, तुम्हाला त्यांचा काही फायदा नाही, त्यामुळे जाहिरातीतला आकडा सोडा आणि दोन मोठ्यांचं सगळं मिळून किती एवढंच दोन-तीन जहाजांचं शेजारी ठेवून बघा. फॅमिली जहाजाच्या भाड्यात मुलांच्या क्लबचाही खर्च आलाच, जो तुम्ही वापरणार नाही. तरीही शो, जेवण आणि जहाज आवडलंय म्हणून जायचं असेल तर जरूर जा, पण हे माहीत असू द्या. परदेशी जहाजांवर टिप वेगळी, दर माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलर. ड्रिंक्स आणि वायफायही बहुतेक वेगळं. परदेशी पॅकेजवर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो तो रिटर्न भरताना हिशोबात येतो. एकट्याने जाणाऱ्यांना बऱ्याच वेळा दोघांचं भाडं भरावं लागतं, हे आम्हालाही आवडत नाही पण तसं आहे. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २०१० मधे एपिक जहाजावर एकट्यांसाठी छोट्या स्टुडिओ केबिन आणल्या, तशी सोय कुठे मिळते का ते शोधून देतो.

आणि ते प्रश्न

हे लिहायचं की नाही यावर आमच्यात बोलणं झालं आणि लिहायचंच ठरलं. आपल्या लोकांत ओळख झाली की दुसरा प्रश्न मुलं किती हा असतो, आणि नाहीत म्हटलं की तिसरा प्रश्न, मग कुठल्यातरी डॉक्टरांचं नाव, मग सल्ला. सुट्टीवर गेल्यावर हे कोणी का सहन करावं. जेवायला दोघांचं वेगळं टेबल मागता येतं, आम्ही बुकिंगमधेच तशी विनंती टाकतो. पुण्याहून निघणाऱ्या ग्रुप टूरमधे क्रूझ घेतलीत तर तीच ३०-४० माणसं बसमधे, जेवणाला, फोटोला कायम बरोबर असतात, काहींना ते आवडतं, पण या प्रश्नांचा त्रास होत असेल तर स्वतंत्र बुकिंग करा, थोडं महाग पडलं तरी. आणि कोणी विचारलंच तर "आम्ही दोघंच आलोय" एवढं उत्तर पुरे, त्यापुढे काही सांगणं लागत नाही. आमच्या फॉर्मवरही मुलांचा रकाना नाही, जहाज कंपनीला फक्त प्रवास करणाऱ्यांची माहिती लागते.

ज्यांची मूल होण्यासाठी ट्रीटमेंट चालू आहे किंवा नुकतंच काही दुःख झालंय त्यांना आम्ही स्वतःहून फॅमिली जहाज सुचवत नाही. कितीही शांत कोपरा असला तरी लिफ्टमधे, जिन्यात, नाश्त्याला बाळं दिसणारच. तुम्हाला चालणार असेल तर प्रश्नच नाही, निर्णय तुमचा. नको असेल तर दुसरे रस्ते आहेत. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंगच्या समुद्रातल्या सफरी १८ च्या वरच्यांसाठीच असतात, इंग्लंडमधल्या पी अँड ओची आर्केडिया आणि अरोरा ही जहाजंही तशीच, पण त्यासाठी आधी लांब विमानप्रवास आणि तिकडचा व्हिसा. देशातच हवं असेल तर नदीवरची क्रूझ बघा, जानेवारी २०२३ मधे वाराणसीहून निघालेल्या गंगा विलासवर फक्त १८ सुइट आहेत, अशा बोटींवर घसरगुंडी वगैरे काही नसतं, घाट, गावं, पक्षी बघत जायचं.

पुण्याहून निघताना

मुंबईहून बोट असेल तर त्याच दिवशी सकाळी गाडीने निघण्याचा धोका पत्करू नका, सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात ट्रॅफिक अडकलं की जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. डेक्कन क्वीन सकाळी ७:१५ ला पुण्याहून सुटते, १०:२५ ला सीएसएमटीला पोचते, तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने अगदी जवळ, बोर्डिंग दुपारचं असेल तर हे छान जमतं. सामान मोजकं असेल तर हाच पर्याय घ्या, नाहीतर आदल्या दिवशी जाऊन राहा. सिंगापूरला मात्र आदल्या दिवशी पोचायचंच.

ऑफिसला याल तेव्हा सोयीच्या दोन-तीन तारखा, शाकाहारी किंवा जैन जेवण हवं का, आणि काय नकोय ते लिहून आणा. परदेशी सफरीसाठी पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान ६ महिने शिल्लक हवी, व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते आम्ही तपासून देतो कारण जहाज फिरून परत सिंगापूरलाच येतं. देशातल्या सफरीला सरकारी फोटो ओळखपत्र मूळ प्रतीत लागतं, झेरॉक्स चालत नाही.