'प्रिटी'तली चलाखी, 'हँडसम'मधला हात

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'ब्यूटिफुल', 'प्रिटी', 'लव्हली', 'हँडसम' आणि 'गॉर्जस' हे शब्द एकामागून एक पाहिले, तर थोड्याफार फरकाने प्रत्येकापुढे 'सुंदर' हाच प्रतिशब्द आढळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. केवळ त्याच्यावर विसंबून लिहिणाऱ्याच्या हातून 'प्रिटी हिमालय' किंवा 'हँडसम सूर्यास्त' असे शब्दप्रयोग होतात, जे व्याकरणात बसतात आणि तरीही इंग्रजीभाषकाच्या कानाला खटकतात. यांतल्या बऱ्याच शब्दांचा आरंभी रूपाशी काहीही संबंध नव्हता. ते निरनिराळ्या वाटांनी सौंदर्यापर्यंत पोहोचले आणि येताना आपापल्या जुन्या अर्थाचा काही अंश सोबत घेऊन आले.

'प्रिटी'ची वाट सर्वांत वळणाची आहे. प्राचीन इंग्रजीत 'प्रॅट' म्हणजे डावपेच, लबाडी. आणि त्यावरून बनलेल्या विशेषणाचा अर्थ होता धूर्त, चलाख. चलाख माणूस कामात कुशल असतो, कुशल हाताने घडवलेली वस्तू नेटकी असते आणि नेटकी वस्तू डोळ्यांना बरी वाटते. अर्थ असा पायरीपायरीने सरकत पंधराव्या शतकात 'गोजिरे, दिसायला छान' येथवर आला. निंदेचा शब्द स्तुतीचा होण्याच्या या प्रक्रियेला भाषाविज्ञानात अर्थोत्कर्ष म्हणतात. आजही 'प्रिटी' शब्द लहान, नाजूक, नीटस गोष्टींना शोभतो. भव्यता किंवा गांभीर्य त्याला पेलत नाही. हिमालयाला तो तोकडा पडतो, याचे कारण हेच. पुढे याच शब्दाचे क्रियाविशेषणही झाले आणि त्या रूपात सौंदर्य पूर्णपणे गळून केवळ 'बऱ्यापैकी' एवढाच अर्थ उरला. म्हणूनच 'प्रिटी अग्ली', म्हणजे 'बऱ्यापैकी कुरूप', हा शब्दप्रयोग इंग्रजीत मुळीच विसंगत ठरत नाही.

'हँडसम'मध्ये तर हात उघडच दिसतो. सुमारे १४०० साली या शब्दाचा अर्थ 'हाताळायला सोपा' असा होता. तेथून 'सोयीचा, योग्य', मग 'चांगला भरघोस' आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'रुबाबदार, देखणा'. आपला 'देखणा' शब्द डोळ्यांपासून निघाला आणि इंग्रजांचा हातापासून, ही तुलना मला फार उद्बोधक वाटते. मोठ्या रकमेला इंग्रजीत आजही 'हँडसम सम' म्हणतात, तो त्या भरघोसपणाचाच अवशेष. हा शब्द स्त्रीला लावताच येत नाही, असे शाळेत सांगितले जाते. पण ते खरे नाही. 'हँडसम वुमन' म्हटले की ठसठशीत चेहऱ्याची, भारदस्त, बहुधा प्रौढ स्त्री डोळ्यांसमोर येते. 'प्रिटी वुमन' म्हटले की चित्र अगदी वेगळे उमटते.

हा फरक व्याख्येत पकडणे अवघड असते, पण शेजाऱ्यांवरून तो चटकन कळतो. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन रूपर्ट फर्थ यांनी १९५७ मध्ये ठामपणे मांडला. १९७४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी नेमकी हीच जोडी उदाहरणादाखल घेतली: 'प्रिटी'च्या शेजारी फूल, बाग, खेडे आणि रंग येतात, तर 'हँडसम'च्या शेजारी मोटार, ओव्हरकोट आणि चक्क टाइपरायटर. त्या काळी असे निरीक्षण प्रामुख्याने अभ्यासकाच्या भाषाजाणिवेवर अवलंबून असे. पुढे १९९० च्या दशकात ब्रिटिश इंग्रजीचा सुमारे १० कोटी शब्दांचा राष्ट्रीय संग्रह तयार झाला, आणि कोणते विशेषण कोणत्या नामाशेजारी किती वेळा येते, हे संगणकावर मोजून पाहणे शक्य झाले. शब्दकोशातल्या अर्थाइतकेच महत्त्व मी या संगतीला देतो.

'ब्यूटिफुल' मात्र जवळजवळ कोणाच्याही शेजारी बसतो: चेहरा, हवा, गणितातली सिद्धता, फुटबॉलमधला गोल. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला. 'सुंदर' या अर्थाचा 'व्लिटिग' हा जुना शब्द कालांतराने नामशेष झाला, आणि फ्रेंचमधून आलेल्या 'ब्यूटी'ला अस्सल इंग्रजी 'फुल' हा प्रत्यय जोडून पंधराव्या शतकात हा संकर घडला. 'ब्यूटी'चे मूळ लॅटिन 'बेल्लुस'मध्ये आहे, आणि तो शब्द 'चांगला' या अर्थाच्या 'बोनुस'चे लघुत्वदर्शक रूप. 'मुलगी दिसायला चांगली आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा चांगुलपणाकडून रूपाकडे जाणारी तीच वाट आपणही चालत असतो.

'गॉर्जस'चा प्रश्न मोजपट्टीचा आहे. 'व्हेरी प्रिटी' चालते, पण 'व्हेरी गॉर्जस' खटकते, कारण 'गॉर्जस'मध्ये पराकाष्ठा आधीच सामावलेली आहे. तिथे 'अ‍ॅब्सोल्यूटली' हवे. काळजीपूर्वक मराठी लिहिणारा 'खूप अप्रतिम' लिहिण्याचे टाळतो, ते याच जाणिवेने.

'चार्मिंग' मंत्रातून आला, 'फॅसिनेटिंग'च्या मुळाशी दृष्ट लावणे आहे, आणि 'ग्लॅमर' हे चक्क 'ग्रामर'चेच स्कॉटलंडमध्ये बदललेले रूप, ज्याचा तिथला अर्थ जादू असा होता. आपल्या 'मोहक'मध्येही मोहिनी आहेच.

आपल्याकडच्या इंग्रजी विवाहविषयक जाहिरातींत मात्र 'फेअर' आणि 'होमली' ही विशेषणे मुक्तपणे वापरली जातात. 'फेअर'चा प्राचीन अर्थ नुसता 'सुंदर' असा होता आणि त्याचा वर्णाशी संबंध नव्हता. तो 'गोरा' या अर्थी सोळाव्या शतकात रूढ झाला आणि आपल्या जाहिरातींनी तेवढाच उचलला, याचे मला वाईट वाटते. 'होमली'चे तीन देशांत तीन अर्थ आहेत. भारतात तो घर सांभाळणाऱ्या मुलीचा गुण मानला जातो, ब्रिटनमध्ये तो साधेपणाचा आणि घरगुती उबेचा शब्द आहे. घरगुती म्हणजे साधे, साधे म्हणजे सामान्य, या घसरणीतून आलेला जुना 'दिसायला बेताची' हा अर्थ मुख्यतः अमेरिकेत टिकून राहिला. मुलीच्या कौतुकासाठी पुण्यात लिहिलेली ओळ अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलाने वाचली, तर त्याला हा तिसरा अर्थ लागेल.