दूध वेगळं, पान्हा वेगळा

हिंगणा रोडवरच्या ज्या गोठ्यातून आमचं दूध येतं, तिथे परवा संध्याकाळी ताटकळावं लागलं. नागपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं मानेवरून मागे गेलेली, निवांत ढेप खात होती. कास टच्च भरलेली, पण धार येईना. शेजारच्या प्लॉटवर बोअरवेलची गाडी धडधडत होती. "थे पान्हा चोरून रायली भाऊ," गवळी म्हणाला. त्यावर रांगेतल्या एकाचा सल्ला: "इंजेक्शन देऊन टाक ना, दूध वाढते."

घोटाळा इथेच आहे. ते इंजेक्शन ऑक्सिटोसिन या हार्मोनचं असतं आणि ऑक्सिटोसिन दूध तयार करत नाही. दूध तयार होण्यामागे प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन असतं (गाई-म्हशींत वाढीच्या हार्मोनचाही त्यात मोठा वाटा). ऑक्सिटोसिन फक्त पान्हा फोडतं. मराठीत दूध आणि पान्हा हे शब्द आधीपासूनच वेगळे आहेत. आपणच ते एकात कालवतो.

प्रोलॅक्टिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या पुढच्या भागात बनतं. माणसात ही सुमारे 199 अमिनो आम्लांची लांबलचक साखळी असते. एरवी मेंदूतलं डोपामाईन हे रसायन त्याला लगाम घालून ठेवतं. पिल्लू लुचायला लागलं की लगाम सैल होतो. वारंवार अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते, त्यामागेही प्रोलॅक्टिनचा हात असतो. पण तेवढ्यात दिवस राहणार नाहीत या भरवशावर राहून फसलेलेही पुष्कळ.

ऑक्सिटोसिन अवघ्या 9 अमिनो आम्लांचं. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना 1955 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पीयूषिकेच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं. कासेत दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूसारख्या पेशींची जाळी असते, ती यानं आवळली जाते आणि दूध सडाकडे उतरतं. रेडकू ढुसण्या देतं तेव्हा हेच घडतं. पुढे सवय झाली की बादलीचा नुसता आवाजही पुरतो. असर मात्र काही मिनिटांचाच, म्हणून गवळी एकदा बसला की मान वर करत नाही. जनावर घाबरलं की ॲड्रेनॅलिन आडवं येतं आणि पान्हा अडतो. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध वरच्या पिशव्यांतच असल्यानं पान्ह्याशिवाय हाती फारसं काही लागत नाही.

वागण्यातही या दोन हार्मोन्सची चाल अशीच वेगळी. धरमपेठेतल्या आमच्या गॅलरीत एसीच्या डब्यामागे कबुतरांची जोडी आळीपाळीनं अंडी उबवते, सुमारे अठरा दिवस, नरसुद्धा. पुढे दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार झालेलं दह्यासारखं 'दूध' पिल्लांना भरवतात. हे प्रोलॅक्टिनचं काम. त्याला हे नावच मुळी 1930च्या दशकात ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी कबुतरांवर काम करताना दिलं. ही दिवसेंदिवस टिकणारी चिकाटी. ऑक्सिटोसिनचा मामला घटकाभराचा. मेंढी विते तेव्हा तिच्या मेंदूत ते सुटतं, पहिल्या तास-दोन तासांत ती आपल्या कोकराचा वास मनात धरते आणि मग दुसऱ्याचं कोकरू झिडकारते.

एवढ्यावरून ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं हार्मोन' म्हणतात, ते मला पटत नाही. अमेरिकेतला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी जोडीनं राहतो, त्याचा दाखला नेहमी दिला जातो. पण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांच्यात ऑक्सिटोसिनचे ग्राही (त्याचा निरोप पेशीत घेणारे रेणू) जन्मापासूनच नव्हते अशा व्होलांनीही जोड्या जमवल्या.

गवळ्यानं इंजेक्शन काही दिलं नाही. दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं काही टोचणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. बोअरची गाडी थांबेपर्यंत तो तंबाखू मळत बसला. मग रेडकू सोडलं. त्यानं दोन ढुसण्या दिल्या, सड ताठरले, आणि बादलीत पहिली धार वाजली.