फोर-के घेतलं म्हणजे गेम खरा दिसतो?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कॅफेत बसलेली पोरं अजून सांगतात, "फोर-के मॉनिटर घे भावा, गेम एकदम खरा दिसतोय बघ." हे चूक आहे, आणि त्यापायी घरच्यांचे कष्टाचे पैसे जातात म्हणून लिहितोय.

फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. चित्र रेखीव होतं, एवढंच. खासबाग मैदानातल्या कुस्तीचं डीव्हीडीवरचं जुनं चित्रीकरण बघा. जेमतेम ४ लाख पिक्सेल, तरी लाल माती आणि घामेजलेली पाठ खरीच वाटते, कारण त्यावरचा उजेड खरा आहे. गेममध्ये तोच उजेड गणिताने काढावा लागतो: भिंतीवरून परतलेला, कातडीत शिरून पसरलेला. त्यातल्या परतणाऱ्या उजेडाचं समीकरण संगणकशास्त्रज्ञ जेम्स काजिया यांनी १९८६ मध्येच मांडलं. पण ते सेकंदाला ६० वेळा सोडवणं घरच्या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे संगणकात चित्र काढणाऱ्या भागाला, झेपणारं नव्हतं. २०१८ मध्ये एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स कार्डं आली, तेव्हा कुठे खेळता खेळता उजेडाच्या किरणांचा हिशेब होऊ लागला. तोही मोजक्याच किरणांचा. हे ओझं पेलायला अनेक गेम चित्र आधी कमी रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी पिक्सेलमध्ये, काढतात, मग मोठं करतात.

तेव्हा बजेट तुटपुंजं असेल तर आधी ग्राफिक्स कार्ड बघा, मॉनिटर नंतर.